अक्षता उजव्या मुठीत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

यवतमाळ
श्रावणातला सोमवार (उपास असल्यामुळे स्वयंपाकाचा वेळ रिकामा)

श्रीमती विमलताई यांस,

पद्मजाचा वयानं आशीर्वाद आणि मानानं नमस्कार. (मी तुमच्याहून मोठी, पण नणंद मानाची. दोन्ही लिहून ठेवते, लागेल ते घ्या.) इकडे आम्ही सगळे गजानन महाराजांच्या कृपेनं खुशाल. तुमचे दादा सकाळी फिरायला जातात आणि आल्यावर त्याच्याबद्दल जेवणापर्यंत बोलतात, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. तुमचा खांदा कसा आहे? रात्री गरम मीठ फडक्यात बांधून शेकत जा आणि ओट्यावरचा जड कुकर डाव्या हातानं उचलत जा. (हा सल्ला नाही. नाही म्हणजे काय, ते पुढे येईल.) हे पत्र मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं आहे. पलीकडून चतुर्थ्या आणि एकादश्या दिसतील, त्या गेल्या वर्षीच्या आहेत, धरू नका.

आजच्या काळात फोन सोडून पत्र कायले, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो ताई" म्हणते, हा आपला जुना शिरस्ता आहे. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही शाळेत होत्या, तरी तेव्हाही तो असाच होता. माझी तक्रार नाही. पण मला या वेळी सांगायचं आहे ते मोठं आहे आणि मध्ये कोणी बोललं तर माझा धागा तुटतो. पत्रात तेवढी सोय आहे की समोरच्याला मध्येच तोंड घालता येत नाही. शिवाय तुमची गुंजन शुक्रवारच्या जिवतीसाठी वणीला येतेच आहे, तिच्याच हातानं पाठवते, तिकीटही लागत नाही.

तर आषाढात तुम्ही माझ्यावर एक काम सोपवलं होतं. गुंजनचे बाबा, आपले भाऊजी, गेल्याला आता दीड वर्ष होत आलं. खाणीच्या हापिसात त्यांच्या मागं घरातल्या एकाला घेणार, त्यासाठी गुंजनचं नाव पुढे केलेलं, आणि ही तुमची लेक तिकडे जायला तयार नाही. आमच्याकडे राहून मानसशास्त्रात एम. ए. करून राहिली आहे आणि पुढेही लोकांच्या मनाचंच काम करीन म्हणते. पोळा झाला की हापिसाला पक्कं उत्तर द्यायचं. तेव्हा तुम्ही म्हणालात, वहिनी, तुमचं ती ऐकते, तिला चार शब्द समजावून सांगा. ताई, मी सांगायला नाही म्हणणारी नव्हे. सगळ्या घराचा हिशेब मी ठेवते, पण सल्ल्यांचा जमाखर्च माझा आजवर जुळलेला नाही, जावक भरपूर आणि मागणी कोणाचीच नाही. त्यामुळे आपण होऊन कोणी सल्ला मागितला हेच मला एवढं गोड वाटलं की मी त्याच दिवशी कामाला लागले.

वरणाचा गंज चुलीवर ठेवला, बरबटीच्या शेंगा मोडायला घेतल्या आणि गुंजनला समोर बसवलं. माझं बोलणं मी तयार केलं होतं. आधी भाऊजींचं नाव, मग तुमचे कष्ट, मग हापिसाची पक्की नोकरी, मग महाराजांचा एक दाखला आणि शेवटी डोळ्यांत पाणी. ती पोरगी एका शब्दानं मध्ये आली नाही. मान थोडी पुढे करून ऐकत बसली. माझं पाण्यापर्यंत झालं, तेव्हा हळूच म्हणाली, "म्हणजे मामी, माझं कसं होईल म्हणून तुझ्या जिवाला घोर लागला आहे."

बस, एवढंच. आता यात काय होतं? पण मला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. घोर लागला आहे हे मी सगळ्यांना सांगते, मला ते परत कोणी सांगत नाही. मग जे काही माझं सुरू झालं ते काय सांगू. मॅट्रिकला संस्कृतात शाळेत पहिली आले होते ते निघालं, बाबांनी कॉलेजचा कागद आणून दुसऱ्या दिवशी परत नेला ते निघालं, लग्नात तुमच्या आत्यानं माझ्या उंचीवरून जे काढलं होतं तेही निघालं (तुम्हाला आठवत नसेल, मला साडीच्या रंगासकट आठवतं). वरणाचा वास घरभर झाला तेव्हा भानावर आले. गंज तळापासून काळा. शेंगा गुंजननं मोडून ठेवलेल्या. समजावायला मी बसले होते आणि समजून घेऊन ती उठली होती.

मी तिला म्हटलं, ही काय विद्या आहे बापा? कोणावर टाकली की तो सगळं ओकतो. तर ती हसली आणि म्हणाली, विद्या नाही मामी, याला मानवतावादी दृष्टिकोन म्हणतात. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मनाचे काही डॉक्टर म्हणतात माणूस म्हणजे बाळपणीच्या दडपलेल्या गोष्टींचं गाठोडं, काही म्हणतात बक्षीस आणि शिक्षा दिली की वळतो तो माणूस. या तिसऱ्या मंडळींचं म्हणणं असं, की माणूस मुळात चांगल्याकडेच वाढायला निघालेला असतो. त्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. कोणीतरी मनापासून, अट न घालता, त्याला आहे तसा धरून त्याचं ऐकून घेतलं, की त्याची वाट त्यालाच दिसायला लागते. धण्याचं बघ मामी, म्हणाली, सांबार (तुमच्या शुद्ध भाषेत कोथिंबीर) कसं व्हायचं ते धण्याला कोणी शिकवतं का?

इथं मी तिला पकडलं. म्हटलं, बाई, तू धणे खाल्ले आहेत, पेरले नाहीत. धणे आधी रगडावे लागतात, दोन डाळी वेगळ्या कराव्या लागतात, तेव्हा सांबार येतं. अख्खा धणा मातीत तसाच बसून राहतो. पोरांचंही तेच. यावर तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "म्हणजे रगडल्याशिवाय काही उगवत नाही असं तुला वाटतं." मी म्हटलं, वाटत नाही, तसंच आहे. पण ते बोलताना मला माझाच आवाज माझ्या सासूबाईंसारखा वाटला (त्या तुमच्या आई, म्हणून पुढे लिहीत नाही).

मग तिनं मला त्रिकोण काढून दाखवला. माणसाच्या गरजांचा तो त्रिकोण म्हणे. तळाला अन्नपाणी, वर सुरक्षितता, त्यावर माया, त्यावर मान आणि अगदी टोकाला आपण जे होऊ शकतो ते पूर्ण होणं. खालचं भरलं की माणूस वरच्या मजल्यावर जातो. कळस छान आहे, पण तिला दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक म्हणजे आमच्या गल्लीत नळ येतो त्या दिवशी अख्खी गल्ली तळमजल्यावरच असते, वरचे मजले त्या दिवशी बंद. आणि दुसरी, एकादशीला आम्ही बाया खालचा मजला रिकामा ठेवून सरळ कळसावर जातो, त्याचं काय? गुंजननं ते वहीत लिहून घेतलं. बाईंना विचारते म्हणाली. मी मॅट्रिक, पण माझा प्रश्न कॉलेजात गेला, हे तुम्हाला सहज सांगितलं.

तिला ऐकण्याचा सराव करायला माणूस पाहिजे होता आणि मला ती विद्या शिकायची होती. (उद्देश सरळ होता, शिकून ती तिच्यावरच उलटवायची आणि तिला हापिसात धाडायचं. तुमचं काम मी विसरले नव्हते.) नियम तोंडावर सोपे आहेत. सल्ला द्यायचा नाही. चूक-बरोबर ठरवायचं नाही. माझंही असंच झालं होतं म्हणून आपली गाडी त्यात घालायची नाही. चेहऱ्यावर एक आणि पोटात दुसरं, असंही चालत नाही. आणि समोरचा जे म्हणाला ते आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला कळतं की पोचलं. मी पहिल्या बैठकीला बसले. ती म्हणाली, आज कॉलेजात मन लागलं नाही. मी म्हटलं, सकाळी काही न खाता गेलीस, मन कसं लागेल? ती म्हणाली, हा सल्ला झाला. मी म्हटलं, हा सल्ला नाही, ही चूक दाखवली. ती म्हणाली, तेही चालत नाही. ताई, मग बोलायचं काय? नियम पाळायचे तर माझ्या तोंडाला कामच उरेना.

उपाय मला श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी सापडला. जिवतीचा कागद लावून मी कहाणी वाचत होते, गुंजन आणि शेजारच्या बाया मुठीत अक्षता घेऊन ऐकत होत्या. आपल्याकडे कहाणी सुरू झाली की अक्षता उजव्या मुठीत धरायच्या आणि संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. त्या बाया एरवी एका वाक्यावर थांबणाऱ्या नाहीत, पण चार दाणे मुठीत आले की कशा चूप बसतात. आणि एकेका कहाणीत तर कहाणी सांगणारा दारोदार फिरतो, कोणी ऐकतं का माझी कहाणी, आणि ज्याला ऐकायला वेळ नसतो त्याचं वाईट होतं आणि जो ऐकतो त्याचं भलं होतं. मी वाचता वाचता थांबलेच. म्हटलं गुंजन, तुमच्या मानवतावाद्यांचं आमच्या आज्यांनी केव्हाच करून ठेवलं आहे, फक्त आम्ही ते देवांच्याच कहाणीला वापरतो, माणसाच्या नाही.

त्या दिवसापासून मी पदराच्या गाठीत अक्षता बांधून फिरायला लागले. कोणी बोलायला लागलं की दाणे उजव्या मुठीत. मूठ मिटलेली आहे तोवर सल्ला नाही. (डाव्या मुठीत चालत नाहीत, करून पाहिलं. जीभ सुटते.) दिवस संपला की ते तांदूळ खिचडीत टाकते, वाया काही जात नाही. खिचडी कुंकवानं थोडी गुलाबी होते, तुमचे दादा आधी कुरकुरले, आता बीट घातलं समजून खातात.

पहिला प्रयोग तुमच्या दादांवर केला. जेवताना म्हणाले, वरणात मीठ नाही. एरवी मी उठले असते, किंवा मग कोणत्या दिवशी असतं तुमच्या मते, असं विचारलं असतं. त्या दिवशी मूठ मिटली आणि म्हटलं, "म्हणजे तुम्हाला वरण अळणी वाटून राहिलं आहे." ते म्हणाले, "वाटून नाही राहिलं, आहे." मी म्हटलं, "ते अळणी आहे, अशी तुमची खात्री आहे." त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "पद्मजा, तुला बरं आहे ना?" मी म्हटलं, "तुम्हाला माझी काळजी वाटते आहे." मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, बरीच खुडबुड झाली, साखर, सोडा, रांगोळी असं एकेक चाखत असावेत, आणि मीठ घेऊन आले. ताई, लग्नाला एवढी वर्षं झाली, मीठ कुठं असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. गुंजन म्हणाली, मामी, हेच ते, माणसाचं उत्तर माणसाजवळच असतं. संध्याकाळी त्यांनी माझा बीपी मोजून घेतला तो भाग वेगळा.

दुसऱ्या आपल्या भाजीवाल्या लीलाबाई. त्यांच्याशी घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची काडी घेत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "काय सांगू बाई, पोरगा म्हणते गाडा विकून टाक." मी मूठ मिटली. त्या थांबल्या, मी काहीतरी बोलीन म्हणून वाट पाहिली. "काहून, दात दुखून राह्यले का तुमचे?" मी मान हलवली. "मंग मौन हाय का?" मी म्हटलं, नाही, तुमचं ऐकून राहिली आहे. पोरगा गाडा विकून टाक म्हणतो, आणि तुमचं मन त्यात नाही. मग लीलाबाई गाड्याच्या दांडीवर हात ठेवून जे बोलल्या, ते मी इथं लिहीत नाही, कारण ते त्यांचं आहे. शेवटी डोळे पुसले आणि आपल्या आपणच म्हणाल्या, "नाही विकत मी गाडा. त्याले आज सांगतोच." तरातरा निघून गेल्या. मी एक शब्द सुचवला नव्हता. यात खोट एकच आहे. एकदा माणसाचं असं ऐकून घेतलं की नंतर भाव करायची सोय राहत नाही. त्या दिवसापासून मी भाजी सांगतील त्या भावानं घेते. आता त्या मला सांबार वरून फुकट टाकतात, पण मनाला ते बरं वाटत नाही, मेहनत न करता मिळालेलं.

मग एक दिवस देवघरात बसले होते. रोजच्यासारखं चाललं होतं माझं, महाराज, यांचं पथ्य सांभाळा, गुंजनला बुद्धी द्या, विमलताईंचा खांदा बघा, पाऊस जरा बेतानं पाडा, कपाशीवाल्यांचं नुकसान होतं. आणि समोरच्या ताम्हनात अक्षता दिसल्या. माझ्या मनात आलं, मी देवालासुद्धा सल्लाच देते आहे की. आणि तो? तो एवढी वर्षं ऐकतो आहे. मध्ये बोलत नाही, तू चुकलीस म्हणत नाही, आणि घातल्या अटी तर माझ्याच, नारळ फोडीन आणि उपास धरीन. त्याची एकही नाही. गुंजनला सांगितलं तर म्हणाली, मामी, हे मी परीक्षेत लिहू का? मी म्हटलं लिही, पण देवाला मानवतावादी म्हणू नको, त्याला काय वाटेल.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या सरावानं मी तयार झाले असं वाटलं तेव्हा गुंजनला बसवलं, मूठ मिटली आणि हापिसाचा विषय काढला. फक्त विचारलं, बाळा, तुला तिथं जावंसं काहून वाटत नाही? आणि चूप. आधी मला वाटायचं, हिला टेबलाची नोकरी कमी प्रतीची वाटते, नाहीतर पोरीला वणी नको, पुणं पाहिजे. तसलं काही नव्हतं. ती म्हणाली, "मामी, मी बाबांच्या जागी बसले, तर आई संध्याकाळी दारात उभी राहील. पण ती माझी वाट पाहत नसेल." एवढं बोलून ती रडली नाही, मला रडू येत होतं पण मुठीत दाणे होते. मग म्हणाली, शिकून वणीलाच येईन, तिथंच लोकांचं ऐकायचं काम करीन, ट्रकवाल्यांच्या आणि खाणवाल्यांच्या घरात ऐकून घेणारं कोण आहे? मला घर सोडायचं नाही आहे, मला फक्त बाबा व्हायचं नाही आहे.

ताई, तिच्यावर उलटवायची म्हणून जी विद्या मी शिकले होते, ती तिथंच संपली. मूठ उघडली तर सगळे दाणे तळव्याला चिकटलेले.

त्यानंतरच्या रविवारी तुमचा फोन आला. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी मी "हो ताई" म्हटलं नाही आणि तुम्ही दोनदा विचारलं, वहिनी आहात ना? होते. फोन डाव्या हातात आणि अक्षता उजव्या. तुम्ही गुंजनला काय काय सांगायचं ते सांगत होत्या. वजनकाट्याच्या पावत्या गाडीच्या नंबरानं लावायच्या नाहीत, पाळीप्रमाणे लावायच्या, नाहीतर महिन्याच्या शेवटी रडशील. हजेरीच्या तक्त्यात रजेचं चिन्ह लाल शाईनं, भाऊजी ते नेहमी विसरायचे आणि तक्ते घरी आणले की तुम्ही रात्री बसून लावून द्यायच्या. खिडकीजवळची जागा मागून घे, दुपारी तिथं वारा येतो. मोठ्या साहेबांना चहाच्या आधी काही विचारायचं नाही. ताई, तुम्ही बोलत होत्या आणि मला पहिल्यांदा तुमचं बोलणं ऐकू आलं, आजवर फक्त तुमच्या सूचना ऐकू यायच्या. दीड वर्षांत तुमचा आवाज एवढा ताजा मी ऐकला नव्हता. शेवटी मी एवढंच म्हटलं, म्हणजे त्या हापिसातलं सगळं तुम्हाला पाठ आहे. मग म्हणालात, "मले कोणी विचारलंच नाही, वहिनी."

तुम्ही बी. कॉम. झालेल्या, शाळेत वक्तृत्वाची ढाल घेतलेल्या, एरवी पुस्तकासारखं शुद्ध बोलता. तुमच्या तोंडी "मले" मी फक्त दोनदा ऐकलं आहे, एकदा भाऊजी गेले तेव्हा आणि एकदा त्या रविवारी. लगेच म्हणालात, कुकरची शिटी झाली, ठेवते. ताई, शिटी झाली नव्हती. मी ऐकत होते.

मी तुमच्या दादांना काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, विचारून या की असं पत्नीचंही नाव लागतं का. ते म्हणाले, विमलचं? ती कशी जाईल? मी म्हटलं, ती कशी जाईल असं तुम्हाला वाटतं. आताशा ते या वाक्याला घाबरतात, दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या माणसाला फोन लावला. लागतं म्हणाले. वयातही बसता. तेराव्यानंतर ओसरीवर बसून तुमचे दादा आणि तुमचे दीर यांनी गुंजनचं नाव ठरवलं तेव्हा तुम्ही आत होत्या, आणि आतपर्यंत येऊन विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तुमचे दादा हापिसाचं ते उत्तर ऐकून परवापासून जरा शांत आहेत. काल म्हणाले, "तिला लहानपणी दुकान-दुकान खेळताना नेहमी गल्ल्यावरच बसायचं असायचं." मीठ त्यांनी कालही स्वतःच घेतलं.

तर तुमच्या कामाचा अहवाल हा असा आहे. चार शब्द समजावून सांगायचे होते, ते माझ्याकडून झाले नाहीत. जे तुम्ही म्हणालात ते फक्त तुम्हाला परत पाठवते आहे, माझं त्यात काही नाही. तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. सांगायचं नसतं.

आणि एक लिहायचं राहिलं. धुण्याच्या दगडाजवळ माझ्या हातून मागं धण्याचा डबा सांडला होता, मी भरून घेतले तरी काही फटीत राहिले. काल पाहिलं, सांबार उगवलं आहे. कोणी रगडले नव्हते, अख्खे होते. गुंजनला अजून दाखवलं नाही, ती फार चढेल.

शुक्रवारी पुरणाला जायफळ घाला, गुंजनला आवडतं. सगळ्यांना यथायोग्य.

तुमची वहिनी,
पद्मजा

ता. क. — गुंजनच्या पिशवीत काडीवर वळून वाळवलेल्या सरगुंड्यांचा डबा आहे. डबा माझा आहे. मागचा स्टीलचा डबाही तुमच्याकडेच आहे. आठवण करून दिली, बाकी काही नाही.

ता. क. — पाकीट शिजलेल्या अक्षतांच्या भातानं चिकटवलं आहे, म्हणून गुलाबी दिसेल. गुंजननं वाटेत उघडू नये म्हणून दुहेरी लावलं. तिचा स्वभाव उघडायचा नाही, पण मारेगावपर्यंत गाडीत करमत नाही.

ता. क. — सोबत अक्षतांच्या दोन पुड्या आहेत. एक तुमची, एक तिची. जिच्या मुठीत दाणे, तिनं ऐकायचं. आधी कोण, म्हणून तुम्ही मायलेकी तिथंच वाद घालाल, म्हणून सांगून ठेवते, आधी तुम्ही बोला, दाणे तिला द्या. आणि तुम्हाला कोणी विचारलं नाही म्हणालात ना, तर मी विचारते. विमलताई, तुम्हाला त्या हापिसात जायचं आहे का? पोळ्याला अवकाश आहे. उत्तर फोनवर सांगा. मी मध्ये बोलणार नाही, मूठ मिटून बसते.

ता. क. — हो म्हणालात तर कणीक रात्रीच भिजवून ठेवत जा, सकाळी धावपळ होते. सुती साड्या नेसा, माझ्या दोन कोऱ्या आहेत, त्या देईन. खिडकीजवळची जागा पहिल्याच दिवशी मागा. आणि खांद्याला मीठ, ते विसरू नका. हे सल्ले नाहीत. लेखणीही उजव्याच हातात धरावी लागते, ताई, त्याला मी काय करू.